आयलेटसाठी स्वादुपिंड जपताना: बर्फ, द्रावण, ऑक्सिजन आणि तासांचा हिशेब

कणाद

मृत्यूनंतर दान झालेलं स्वादुपिंड आयलेट (इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचे बारीक पुंजके) वेगळे काढण्यासाठी प्रयोगशाळेत जाणार असेल, तर महारोहिणीला क्लॅम्प लागल्यापासून स्वादुपिंडाच्या नळीत एन्झाइम भरेपर्यंत ते कसं जपावं, हे जाणकारांकडून नीट समजून घ्यायचं आहे. वाचन बरंच झालं, पण एकीकडे छातीठोकपणे सांगितलेलं दुसरीकडे खोडून काढलेलं दिसतं.

अडलंय ते असं. यूडब्ल्यू की एचटीके, या दोन जतन-द्रावणांत आयलेटच्या दृष्टीने खरंच फरक पडतो का? परफ्लुओरोकार्बनची (भरपूर ऑक्सिजन विरघळवणाऱ्या द्रवाची) दोन थरांची पद्धत एके काळी बरीच गाजली, आता तिचं नाव फारसं ऐकू येत नाही, ते का? अख्खं स्वादुपिंड रोपण करणारे जेवढे तास थांबू शकतात तेवढे आयलेटवाले का थांबत नाहीत? आणि मुख्य म्हणजे, दोन स्वादुपिंडांचा शीतकाळ (क्लॅम्पपासून एन्झाइमपर्यंतचा थंडीतला वेळ) सारखा, द्रावण एकच, दात्यांची वयं-वजनंही जवळपास तीच, तरी एकातून साडेतीन-चार लाख आयईक्यू (ठरावीक आकाराच्या मापात मोजलेले आयलेट) मिळतात आणि दुसऱ्यातून लाखभरसुद्धा निघत नाहीत. तासांखेरीज आणखी कुठे बघायचं?

आकडे आणि कारणं दिलीत तर फार मदत होईल.

---

सुईदोरा

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्यांची अर्धी उत्तरं त्यातच आहेत. फॉर्मवर ‘शीतकाळ ७ तास’ असं लिहिलेलं असतं, त्यातला पहिला तास अनेकदा शीत नसतोच.

क्लॅम्प लागला, महारोहिणीतून थंड द्रावण सोडलं की यकृत आणि मूत्रपिंडं चटकन गार होतात. स्वादुपिंड मात्र पोटाच्या मागच्या भिंतीला चिकटून, जठराच्या आड बसलेलं असतं. पाठीच्या स्नायूंची ऊब त्याला खालून मिळत राहते. वरून पोटात बर्फ ओतला तरी तो जठरावर आणि आतड्यांवर बसतो. त्यात यकृत आधी काढायचं असतं, त्यामुळे स्वादुपिंड शेवटपर्यंत आत राहतं आणि हळूहळू पुन्हा तापायला लागतं. या अवयवात स्वतःचीच पाचक एन्झाइमं ठासून भरलेली आहेत, हे इथे लक्षात ठेवायला हवं. यकृताने अर्धा तास कोमटपणा सहन केला म्हणून स्वादुपिंडही करेल असं धरून चालू नये.

उपाय साधा आहे, पण तो ठरवून करावा लागतो. क्लॅम्पच्या आधीच जठर आणि आडवं आतडं यांच्यामधला पडदा उघडून लेसर सॅक, म्हणजे जठरामागची पोकळी, मोकळी करायची. ड्युओडेनम (लहान आतड्याचा पहिला भाग) आणि स्वादुपिंडाचं डोकं मागच्या भिंतीपासून सोडवून ठेवायचं. क्लॅम्प लागताक्षणी निर्जंतुक सलाइनचा भुसभुशीत बर्फ स्वादुपिंडाच्या पुढून आणि मागून भरायचा आणि तो वितळेल तसा पुन्हा घालायचा. टणक खडे वापरू नयेत, त्यांच्या कडांनी आवरणाला चरे पडतात. स्वादुपिंडालगत तापमानाची सुई ठेवता आली तर उत्तमच. आतली परिस्थिती एकदा आकड्यात दिसली की बर्फ घालण्याचा आळस कोणी करत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे सूज. पोर्टल व्हेनमध्ये, म्हणजे आतड्यांचं आणि स्वादुपिंडाचं रक्त यकृताकडे नेणाऱ्या शिरेत, दाब साठला की सगळं द्रावण स्वादुपिंडात झिरपतं. यकृतासाठी खालच्या मेसेंटेरिक शिरेतून दुसरी नळी घातली असेल तर हे हमखास होतं, कारण स्वादुपिंडाचं रक्त वाहून नेणारी वाटच उलट्या दाबाने अडते. त्या शिरेला वाट करून दिलीच पाहिजे. द्रावणही बाहेर स्वच्छ यायला लागेल इतकंच सोडावं, बाटली उरली आहे म्हणून ओतत राहू नये.

तिसरी गोष्ट आवरण. स्वादुपिंडाला बोटांनी किंवा चिमट्याने धरायचं नाही. प्लीहा त्याच्या शेपटीला जोडलेलीच ठेवायची आणि मुठीसारखी तीच धरून अवयव उचलायचा. ड्युओडेनमही सोबतच, दोन्ही टोकांना स्टेपल मारून. चरबी सोलण्याचं, प्लीहा वेगळी करण्याचं काम प्रयोगशाळेत शांतपणे होऊ द्यावं. शस्त्रक्रियागृहात घाईघाईने ‘साफ करून’ दिलेल्या स्वादुपिंडावर दोन-तीन ठिकाणी आवरण फाटलेलं असतं. त्याची किंमत काय ते आयलेट काढणारे सांगतीलच.

पिशव्या तीन, एकात एक. आतल्या पिशवीत अवयव पूर्ण बुडेल इतकं थंड द्रावण घालायचं, हवा काढून तोंड बांधायचं. दुसरीत थंड द्रव, तिसरी कोरडी. बाहेर वितळता, पाण्याचा बर्फ. फ्रीझरमधून थेट काढलेले जेल पॅक शून्याच्या बरेच खाली, उणे २० अंशांच्या आसपास असतात. ते पिशवीला टेकले की सर्वांत आधी गोठते ती पातळ शेपटी. आयलेटची दाटी नेमकी शेपटीत जास्त असते. कोरडा बर्फ तर उणे ७८ अंशांचा, त्याला खोक्याजवळही आणू नये. लक्ष्य ४ अंश सेल्सिअस, २ ते ८ च्या मध्ये.

---

गाळणी

आवरणाबद्दल सुईदोरा यांनी लिहिलंय, त्याचा पुढचा भाग प्रयोगशाळेच्या बाजूने सांगते.

स्वादुपिंड आलं की चरबी सोलतात, बाहेरून निर्जंतुक करतात, वजन करतात. मग ग्रंथीच्या मानेजवळ छेद घेऊन मुख्य नळीत दोन्ही दिशांना कॅन्युला (बारीक नळी) घालतात आणि थंड कोलॅजिनेज, म्हणजे कोलॅजन तोडणारं एन्झाइम, दाबाने आत सोडतात. आधी साधारण ८० मिमी पारा, चार-पाच मिनिटांनी १६० ते १८०. एकूण दहाएक मिनिटं. यात अवयव फुग्यासारखा एकसारखा फुगला पाहिजे, कारण एन्झाइम आयलेटच्या भोवतीच्या कोलॅजनपर्यंत या नळ्यांच्या वाटेनेच पोचतं. आवरणाला चीर असेल तर दाब तिथेच निसटतो. द्रव टपटप बाहेर येताना दिसतो, त्याच्या पलीकडचा भाग मऊ आणि चपटाच राहतो. चीर छोटी असेल तर तिथे चिमटा लावून किंवा टाका घालून थोडं सावरता येतं. मोठी असेल तर तो भाग नंतर रिकॉर्डी चेंबरमध्ये (अवयव हलवत पचवण्याच्या भांड्यात) न विरघळलेल्या गोळ्यासारखा उरतो. त्यातले आयलेट जिवंत असतात, धडधाकट असतात, फक्त हाती लागत नाहीत. ‘सारखेच तास, निम्मे आयलेट’ याचं माझ्या मते सर्वांत जास्त वेळा सापडणारं कारण हेच.

आता द्रावण. यूडब्ल्यू विस्कॉन्सिनच्या बेल्झर आणि साउदर्ड यांनी १९८० च्या दशकात बनवलं. पेशी थंडीत का मरतात ते बघून एकेक घटक निवडलेला आहे. थंडीत सोडियम-पोटॅशियम पंप जवळजवळ थांबतो, सोडियम आत शिरतं, मागोमाग पाणी, आणि पेशी फुगते. म्हणून पेशीच्या पडद्यातून आत न शिरणारे मोठे रेणू, लॅक्टोबायोनेट १०० आणि रॅफिनोज ३० मिलिमोल, पाण्याला बाहेर धरून ठेवतात. रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपू नये म्हणून लिटरला ५० ग्रॅम हायड्रॉक्सिइथिल स्टार्च. पोटॅशियम पेशीच्या आत असतं तेवढं, सव्वाशेच्या आसपास. शिवाय एटीपीच्या (पेशीच्या इंधनाच्या) पुनर्बांधणीसाठी अडेनोसिन, आणि ऑक्सिडेशनला आवर घालायला ग्लुटाथिओन व अ‍ॅलोप्युरिनॉल.

एचटीकेचा विचार वेगळा आहे. हिस्टिडिन १८० मिलिमोल, म्हणजे आम्लता शोषून घेण्याची ताकद प्रचंड, पोटॅशियम कमी, स्टार्च नाहीच. पाण्यासारखं पातळ असल्याने पटकन पसरतं आणि चटकन थंड करतं. पण पुरेसा परिणाम व्हायला ते भरपूर सोडावं लागतं, आणि स्टार्च नसल्याने स्वादुपिंड फुगतं. कमी तासांत दोन्ही चालतात. तास लांबणार हे आधीच माहीत असेल तर मी यूडब्ल्यूच घेईन.

मात्र यूडब्ल्यूची एक खोड आहे, ती न ओळखल्यामुळे चांगली स्वादुपिंडं वाया जातात. ते कोलॅजिनेजला दाबतं. या एन्झाइमला कॅल्शियम लागतं. यूडब्ल्यूमध्ये कॅल्शियम नाही, आणि लॅक्टोबायोनेट असलेलं कॅल्शियमही बांधून ठेवतं. त्यामुळे अवयव पिशवीतून काढला की निथळू द्यायचा, वरून थंड, कॅल्शियम असलेल्या बफरने धुवायचा, आणि मगच नळीत एन्झाइम. नाहीतर पचन रेंगाळतं, हातून वेळ जातो, कोणीतरी ‘अजून थोडं एन्झाइम घालू’ म्हणतं, आणि यूडब्ल्यू धुऊन निघाल्यावर तेच जास्तीचं एन्झाइम आयलेटचे तुकडे करतं.

सुजेचा फटका इथेही बसतो. एन्झाइम सोललेल्या वजनाच्या हिशेबाने देतात, ग्रॅममागे साधारण २० ते ३० वुन्श युनिट (एन्झाइमची ताकद मोजण्याचं एकक). स्वादुपिंडात ३० ग्रॅम पाणी मुरलेलं असेल तर ९० ग्रॅमचा अवयव १२० भरतो आणि मात्रा एक तृतीयांशाने वाढते. वजन संशयास्पद वाटलं तर बोटाखाली दाबून बघावं. पाणी धरलेली ग्रंथी फुगीर आणि चकचकीत लागते, चरबीने जड झालेली तशी लागत नाही.

---

कणाद

दोघांचेही मनापासून आभार. वजनाचा हिशेब कधी असा डोक्यात आला नव्हता. तासांचा प्रश्न मात्र अजून तसाच आहे. यूडब्ल्यूमध्ये कुत्र्याचं स्वादुपिंड ७२ तास टिकल्याचं १९८० च्या दशकातच दाखवलेलं आहे. मग आयलेटसाठी आठ-बारा तासांतच घाई कशाला?

---

गाळणी

कारण अख्ख्या स्वादुपिंडाला रोपण होताच रक्त मिळतं. थंडीत दमलेली पेशी लगेच ऑक्सिजन घेऊन सावरते. आयलेटच्या नशिबी उलट प्रवास आहे. थंडीतून बाहेर पडताच ३७ अंशांचं एन्झाइम, धातूच्या गोळ्यांचं हलवणं, मग सेंट्रिफ्यूज, आणि शेवटी रुग्णाच्या यकृताकडे जाणाऱ्या पोर्टल व्हेनमध्ये, जिथे स्वतःच्या नव्या रक्तवाहिन्या तयार होईपर्यंत नुसत्या झिरपणाऱ्या ऑक्सिजनवर दिवस काढायचे. स्वादुपिंडात वजनाने एक-दोन टक्के असलेले आयलेट त्याच्या रक्तपुरवठ्यातला १० ते २० टक्के वाटा घेतात. इतकी सवय असलेल्या पेशींना उपाशी ठेवून लगेच कामाला जुंपलं, तर तग किती धरणार?

त्यातच शीतकाळ वाढतो तशा आजूबाजूच्या, पाचक एन्झाइमं बनवणाऱ्या अ‍ॅसिनार पेशी फुटून ट्रिप्सिन हे प्रथिनं तोडणारं एन्झाइम मोकळं होतं. ते आयलेटवर तर उठतंच, शिवाय कोलॅजिनेजचेही तुकडे पाडतं. म्हणजे ज्या एन्झाइमवर सगळी भिस्त, तेच निकामी होतं. शुद्धीकरणातही अडचण. आयलेट आणि अ‍ॅसिनार ऊतक वेगळे होतात ते घनतेच्या फरकावर. अ‍ॅसिनार पेशी पाणी पिऊन फुगल्या की हलक्या होतात आणि आयलेटच्याच थरात येऊन बसतात. म्हणूनच पचन झालेला गाळ सेंट्रिफ्यूजच्या आधी थंड यूडब्ल्यूमध्ये अर्धा-एक तास ठेवतात. कोलॅजिनेजच्या वेळी नडणारं यूडब्ल्यू इथे उपयोगी पडतं.

हिशेब असा करून बघा. ७० किलोच्या रुग्णाला किलोमागे किमान ५,००० आयईक्यू, म्हणजे साडेतीन लाख. शुद्धता किमान ३० टक्के, जिवंतपणा किमान ७० टक्के. २००० साली कॅनडातल्या एडमंटनच्या गटाने ज्या सात रुग्णांची इन्सुलिन बंद झाल्याचं प्रसिद्ध केलं, त्यांना किलोमागे सरासरी ११ हजारांहून जास्त आयईक्यू दिले होते आणि प्रत्येकाला एकाहून अधिक दात्यांचे आयलेट लागले. एकाच दात्यात काम भागवायचं असेल तर वाया घालवायला तास उरतच नाहीत. १२ तास ही वरची मर्यादा धरावी. ८ च्या आत नळीत एन्झाइम गेलं तर चांगलं, ६ मध्ये गेलं तर आणखी चांगलं.

आयईक्यू हा आकडा वाचतानाही जपून. एक आयईक्यू म्हणजे १५० मायक्रॉन व्यासाचा आयलेट. घनफळ व्यासाच्या घनाने वाढतं, म्हणून ३०० मायक्रॉनचा एक आयलेट आठ धरला जातो. डिथिझोनने लाल झालेले गोल मोजताना मोठे आयलेट दिसले तर आकडा झपाट्याने चढतो. पण थंडीत आणि नंतर संवर्धनात सर्वांत आधी आतून मरतात ते हेच मोठे, कारण ऑक्सिजन त्यांच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही. आकड्याबरोबर आकारांची विभागणी मागून घ्यावी.

---

प्राणवायू

दोन थरांच्या पद्धतीबद्दल कोणी लिहिलं नाही, ते मी लिहितो.

१९८८ मध्ये जपानमधल्या कोबेच्या कुरोदा यांनी ही पद्धत मांडली. खाली ऑक्सिजन बुडबुडवून संपृक्त केलेलं परफ्लुओरोडेकॅलिन (एक परफ्लुओरोकार्बन), वर जतन-द्रावण, पुढे यूडब्ल्यू. परफ्लुओरोडेकॅलिनची घनता १.९ च्या आसपास, म्हणजे पाण्याच्या जवळपास दुप्पट. त्यामुळे स्वादुपिंड यूडब्ल्यूमधून खाली जातं आणि या जड थरावर अर्धवट बुडून तरंगतं. ऑक्सिजन पाण्यापेक्षा पंधरा-वीस पट जास्त विरघळत असल्याने ऊतकात एटीपी टिकून राहतं, असं प्राण्यांवर छान दिसलं. कल्पना सुंदर आहे आणि एक काळ ती अनेक केंद्रांनी मनापासून वापरली.

अडचण जाडीची. थंड ऊतकात ऑक्सिजन पृष्ठभागापासून आत साधारण एक मिलिमीटरच मुरतो, पुढे पोचण्याआधी पेशी तो वापरून टाकतात. उंदराचं स्वादुपिंड पापुद्र्यासारखं, त्याला एक मिलिमीटर पुरतं. माणसाचं दोन-अडीच सेंटिमीटर जाड, त्यावर चरबीचा लेप. मधला मोठा भाग तसाच गुदमरत राहतो. एटीपी मोजायला तुकडा कडेचा घेतला तर निकाल गोड दिसतो, ही त्यातली फसगत. पुढे माणसांच्या स्वादुपिंडांवर मोठ्या तुलना झाल्या, त्यांत साध्या यूडब्ल्यूपेक्षा फायदा दिसला नाही आणि केंद्रांनी ती सोडली.

यातून घ्यायचा धडा म्हणजे ऑक्सिजन बाहेरून चोळून चालत नाही, तो अवयवाच्या स्वतःच्या वाटांनी आत गेला पाहिजे. वाटा दोन, रक्तवाहिन्या आणि नळी.

रक्तवाहिन्यांतून थंड द्रावण पंपाने फिरवणं म्हणजे मशीन परफ्युजन. इथे विसरू नये असं म्हणजे स्वादुपिंडाला रक्त दोन रोहिण्यांतून येतं. शेपटीकडे स्प्लेनिक (प्लीहेची रोहिणी), डोक्याकडे मुख्यतः सुपीरियर मेसेंटेरिक. यकृताबरोबर सीलिअॅक गेलेली असते, स्प्लेनिक तिचीच शाखा, म्हणून ती मुळाशी कापलेली मिळते. एकाच रोहिणीत नळी घालून पंप सुरू केला तर अर्धा अवयव कोरडा राहतो आणि उरलेला अर्धा फुगतो. दाब अगदी कमी, २५ मिमी पाऱ्याच्या आसपास. मूत्रपिंडाचा दाब इथे लावला तर स्वादुपिंड स्पंज होतं. वजनाचा हिशेब सांभाळला तर थोडी सूज आयलेटच्या कामी नडत नाही, उलट ऊतक सैल होऊन एन्झाइम पसरायला मदतच होते. अख्खं रोपण करणाऱ्यांना मात्र हीच सूज चालत नाही.

दुसरा प्रकार वायूचा. ओलसर ऑक्सिजन रोहिण्यांतून हळूहळू सोडतात, अवयव थंड द्रावणात बुडालेला असतो. बारीक वाहिन्यांच्या कापलेल्या तोंडांतून बुडबुडे निघतात, ती एकेक बांधावी लागतात. नाहीतर वायू सोप्या वाटेने निसटतो आणि आत काहीच जात नाही.

---

सुईदोरा

नळीची वाट तुम्ही नुसती उल्लेखून सोडलीत, तिच्याबद्दल दोन ओळी जोडतो. अवयव काढल्याबरोबर मुख्य नळीत कॅन्युला घालून ग्रॅममागे साधारण १ मिली थंड जतन-द्रावण सोडायचं. नळ्या उघड्या राहतात, नळीच्या पेशी टिकतात, आणि पुढे एन्झाइमलाही वाट मोकळी मिळते. पंप नको, यंत्र नको. कोमटपणानंतर नळी आक्रसून एन्झाइम पसरत नाही, ही तक्रार यात कमी होते. दाब मात्र हाताचा आणि हलका. सिरिंज जोरात दाबली तर आवरणाच्या आत फाटतं आणि ते बाहेरून दिसतही नाही.

---

गाळणी

सहमत, पण नळीत यूडब्ल्यू भरू नका. वर लिहिलेली कोलॅजिनेजची अडचण इथे दुप्पट होते, कारण ते नेमकं एन्झाइमच्याच जागी जाऊन बसतं आणि बाहेरून धुतलं तरी निघत नाही. जपानी गटांनी यासाठी क्योटो द्रावण निवडलं, त्यात कोलॅजिनेजला अडथळा कमी. पुढे त्यात ट्रिप्सिन रोखणारं युलिनास्टॅटिनही घातलं, म्हणजे थंडीत सुटणाऱ्या ट्रिप्सिनवरचा इलाजही त्याच वाटेने आत जातो.

---

कणाद

एक शेवटचं. रुग्ण तयार नसेल किंवा तपासण्या यायच्या असतील, तर स्वादुपिंड थांबवून ठेवण्याला पर्याय आहे का? गोठवणं वगैरे?

---

प्राणवायू

अख्खा अवयव गोठवू नये, पेशींमधल्या बर्फाने तो आतून फाटतो. थांबायचंच असेल तर आयलेट काढून थांबावं. संवर्धन माध्यमात एक ते तीन दिवस मिळतात. सुरुवातीला ३७ अंश, मग २२, आणि फ्लास्कमध्ये गर्दी अजिबात नको. १७५ चौरस सेंटिमीटरच्या फ्लास्कमध्ये २० ते ३० हजार आयईक्यू पुरे. तेवढ्यात निर्जंतुकतेचे पहिले निकाल येतात आणि रुग्णाला प्रतिकारदमनाची औषधं सुरू करता येतात.

त्याहून लांबचा विचार असेल तर आयलेट गोठवण्याची जुनी रीत संशोधक राजोट यांची: डायमिथिल सल्फॉक्साइडमध्ये मिनिटाला पाव अंश इतक्या संथपणे उणे ४० पर्यंत, मग द्रव नायट्रोजनमध्ये. वितळवताना उलट, अगदी झपाट्याने. टिकतात, पण उतारा पुरेसा मिळत नाही. २०२२ मध्ये मिनेसोटाच्या गटाने आयलेट नायलॉनच्या जाळीवर पसरवून, जादा द्रव टिपून घेऊन ते काचेसारखे घट्ट केले. जाळीवर द्रवाचा थर इतका पातळ असतो की थंड होणं आणि तापणं दोन्ही क्षणात होतं, बर्फाचा स्फटिक धरायला वेळच मिळत नाही. नऊ महिन्यांपर्यंत साठवूनही जिवंतपणा ९० टक्क्यांच्या आसपास राहिला. एका रुग्णासाठी दोन-तीन दात्यांचे आयलेट साठवून एकदम देण्याची वाट यातून दिसते, आणि मला तरी ती फार मोलाची वाटते.

---

सुईदोरा

कणाद, पुढच्या अवयवासोबतचा फॉर्म बनवाल तेव्हा ‘शीतकाळ’ असा एकच रकाना ठेवू नका. क्लॅम्पची वेळ, लेसर सॅकमध्ये बर्फ घातल्याची वेळ, स्वादुपिंड पोटातून बाहेर आल्याची वेळ, पिशवी बांधल्याची वेळ, आणि नळीत एन्झाइम सुरू केल्याची वेळ, अशा पाच वेळा लिहायच्या. किती द्रावण सोडलं, पोर्टल बाजूने नळी होती का, आवरण कुठे फाटलं याचं साधं रेखाचित्र. तापमान नोंदवणारा लॉगर दुसऱ्या पिशवीत टाका, खोक्याच्या झाकणाला चिकटवू नका. झाकणाजवळ तो हवेचं तापमान सांगतो, अवयवाचं नाही. क्लॅम्प ते पोटाबाहेर हे अंतर तासाभरापेक्षा जास्त दिसलं, तर आयलेट कमी आल्याचं कारण आधी तिथे शोधा, द्रावणाच्या बाटलीत नंतर.